माळ्यावरचे दोन कोश

ते लहान पुस्तक आता परत जाणार नव्हतं. त्याच्या तांबड्या कातडी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर लहानग्या चिमाचे दात उमटले होते; वर एक छोटी कमान, खाली एक, आणि खालच्या कमानीत रक्त वाळून काळं पडलेलं. प्रमिलानं पदराचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि त्या कोपऱ्यावर घासलं. रक्त निघालं, खुणा निघेनात. तिनं जोर केला, नखानं कोरलं, तेव्हा कातडं सोललं जाऊन आतला करडा पुठ्ठा दिसायला लागला. मघाशी असंच दिसलं होतं. वरचं कातडं, आणि त्याच्या आतलं काहीतरी. तिनं पुस्तक ओटीवर पालथं घातलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. समोर धरणाचं पाणी वैशाखात पार तळाला गेलेलं, उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेलेल्या. घरातून फोडलेल्या कांद्याचा वास येत होता आणि कांद्याच्या खाली दुसरा एक वास, जळका, जरासा गोड. तो वास आपल्या नाकातच राहिलाय की घरात आहे हे तिला कळत नव्हतं. पुण्याची परतीची एसटी यायची वेळ झाली होती. कंडक्टर गनी येणार, उंबऱ्याशी उभा राहणार आणि विचारणार, "वैनी, कंचं न्यायचं?" आणि तिला एक पुस्तक उचलून त्याच्या हातात ठेवावं लागणार.

पुण्याच्या दुकानदारानं दोन्ही कोश पसंतीवर पाठवले होते. फ्रेंचचे इंग्रजी आणि इंग्रजीचे फ्रेंच, प्रत्येकात दोन्ही बाजू. 'नको असेल ते जसंच्या तसं परत आलं पाहिजे हं बाई,' एवढंच त्यानं बजावलं होतं, कारण ती गिऱ्हाईक जुनी होती, कॉलेजात असल्यापासूनची. मोठा कोश निळ्या कापडी बांधणीचा, उशाला घ्यावा एवढा जाड. त्यात प्रत्येक शब्दाचा उच्चार होता, तो शब्द वापरून केलेलं वाक्य होतं, क्रियापदांचे तक्ते होते. लहान कोश तांबडा, पातळ कागदाचा, पर्समध्ये मावणारा. त्यात तिकीट होतं, हमाल होता, डोकेदुखी होती, आणि अक्षर एवढं बारीक, की बोटीच्या हलत्या केबिनमध्ये ते कसं वाचायचं याचीच तिला काळजी. एक बसून शिकणाऱ्याचा आणि एक जाणाऱ्याचा, असा तिनं मनाशी भेद केला होता. आणि तिला जायचं होतं. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, आषाढात बोट होती, मार्सेयला उतरून पुढं आगगाडीनं जायचं, तिथं वर्षभर शिकायचं आणि परत येऊन कॉलेजात शिकवायचं. तिचे यजमान मारुतराव म्हणाले होते, "वर्षाचं काय, डोळा मिटून उघडेपर्यंत जाईल. आई बघेल की चिमाला." एवढ्या सहज म्हणाले होते, की तिला त्यांचा राग आला होता आणि त्या रागाखाली लपून तिनं हो म्हटलं होतं. तिला फ्रेंच शिकवणाऱ्या मिस वाच्छा निरोप देताना म्हणाल्या होत्या, "डिक्शनरी घेते तवा मोठे मोठे शब्द नको काढू. तुज्या घरातले शब्द काढ. पाळणा काढ, खोकला काढ. जी घरातले शब्द देते ती खरी." मिस वाच्छांना घर नव्हतं. एका बहिणीबरोबर कॅम्पात राहत होत्या. म्हणूनच त्यांना ते सुचलं असेल.

चिमाला आपल्याशिवाय राहायची सवय लावायला म्हणून ती मुळशीला सासरी आली होती. चिमा दीड वर्षाची. आई नजरेआड झाली की डोळे पांढरे करून रडणारी. सासूनं, तुळजाबाईनं, पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "आई दिसली की पोर आईकडंच झेपावनार. मग सवय कशी मोडायची? तू दिसूच नगं. वासराला गाईपासनं तोडत्यात तवा गाय काय गोठ्यात हुभी करत्यात व्हय?" म्हणून सकाळी चिमाला गोठ्याकडं कोंबड्या दाखवायला नेलं, की प्रमिलानं शिडीवरून माळ्यावर चढायचं आणि खालून हाक येईपर्यंत उतरायचं नाही. मारुतरावांच्या वेळीही तुळजाबाईनं असंच केलं होतं, त्यांच्या बहिणींच्या वेळीही. त्याआधी दूध तोडताना छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा. पोरानं तोंड लावलं की ते थुंकतं, आईकडं बघतं आणि पुन्हा तोंड लावतं. प्रमिलानं तेही केलं होतं. चिमानं थुंकून तिच्याकडं पाहिलं होतं आणि मग तिच्या तोंडावर एक चापट मारली होती, इवलीशी, पण नेम धरून. प्रमिला हसली होती. नंतर मोरीत जाऊन छाती धुताना तिनं ती एवढी घासली होती, की कातडी लाल झाली.

माळ्यावर भाताची पोती, कांद्याच्या आढ्या, जुनी सुपं आणि डोक्यावर तापलेली कौलं. फटीतून येणारी उन्हाची तिरीप हळूहळू सरकायची आणि प्रमिला कोश घेऊन त्या तिरिपीबरोबर सरकायची. आज सकाळी चिमाचं अंग तिला कोमट लागलं होतं. तिनं म्हटलंही होतं, "आत्याबाई, कणकण आहे हिला." तुळजाबाईनं पालथा हात लावून पाहिला होता. "उन्हाळा हाय, आन् काल दिसभर रडलीया. न्हाई काय. आज उतरलीस तर केलेलं समदं पान्यात." आणि प्रमिला, जिला रस्त्यातला कुत्रा दोन घरं पलीकडून दिसायचा, जी रात्रीतून उठून चिमाचा श्वास चालतोय का म्हणून नाकाखाली बोट धरायची, तीच प्रमिला कोमट अंग हाताला लागलेलं असताना शिडी चढली. कारण खरोखरच केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. कारण वर दोन कोश होते आणि आज एक परत जायचा होता. तिनं तेव्हा स्वतःला असं सांगितलं नव्हतं. आता सांगत होती, ओटीवर बसून, मांड्यांखालचे हात बधिर होईपर्यंत.

मग खाली रडणं सुरू झालं. रडणं म्हणजे काय हे तिला माळ्यावर कळलं. मांडीवर घेतलेलं मूल रडतं तेव्हा ते फक्त रडत असतं. पण लाकडाच्या तक्तपोशीतून वर येणारं रडणं तळपायांना लागतं, पोटऱ्यांतून चढतं, दातांत शिरतं. आधी हाक, मग हट्ट, मग संताप, मग नुसता घोगरा आवाज, कुणीतरी ओली दोरी खेचत असल्यासारखा. तिनं पोत्याला पाठ लावून कानांवर हात ठेवले. हात काढले. आपण खाली उडी मारावी, सरळ तक्तपोशी फोडून, असं तिच्या मनात आलं. त्या म्हातारीच्या अंबाड्याला धरून तिचं डोकं खांबावर आपटावं. मग असंही आलं, आणि हे तिनं कुणाला कधीच सांगितलं नसतं, की चिमाच्याच तोंडावर उशी दाबावी, नुसती एका श्वासापुरती, नुसतं गप्प करण्यापुरती. ती इतकी दचकली की कोश मांडीवरून घसरला. पुण्यात, संध्याकाळी, स्टोव्ह पेटवताना, मुलगी पायात घोटाळत असताना तिला असं क्वचित वाटायचं आणि ती पटकन चिमाचे मुके घ्यायची, चिमा ओरडेपर्यंत. तिनं मोठा कोश उघडला. पाळणा दोघांतही होता. खोकला दोघांत होता. दूध तोडणं? लहानात नव्हतं. तिनं मोठ्यात पाहिलं, इंग्रजी बाजूला, तर्जनी ओळींवरून खाली नेत, खालचं रडणं पानाखालून वाहत असल्यासारखं ऐकत. मिळालं. नुसता शब्द नाही, वाक्य होतं. 'बाळाला अजून आईपासून तोडलेलं नाही.' तिनं ते फ्रेंचमध्ये हलक्या आवाजात म्हटलं, ओठांचा चंबू करून, मिस वाच्छांनी शिकवल्यासारखं. पुन्हा म्हटलं. किती गोड लागलं ते जिभेला! आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की खाली शांत झालंय.

शांत! ती हसली. लागली सवय, असं तिला वाटलं. आज पहिल्यांदा पोर आजीच्या हातून गप्प झाली. छातीवरची धोंड कुणीतरी उचलल्यासारखी ती मागं रेलली. मोठाच ठेवायचा, घरातले शब्द देतो तो खरा, ट्रंकेत तळाशी घालता येईल, असा तिनं निर्णयही घेऊन टाकला. आणखी एक शब्द काढला. आणखी एक. ती शांतता तिनं किती वेळ अशी चघळली कुणास ठाऊक. लहान कोश बांधायला म्हणून तिनं हातात घेतला तेव्हा खालून हाक आली, आणि तो आवाज तुळजाबाईचा आहे हेही तिला क्षणभर ओळखता आलं नाही.

"परमिले! अगं खाली ये! पोरीला बघ काय झालं!"

शिडीवरून ती उतरली की पडली ते तिला आठवत नव्हतं. गुडघा फुटला होता हे नंतर दिसलं. स्वयंपाकघरात घोंगडीवर चिमा आडवी होती आणि ती चिमा नव्हती. डोळ्यांत नुसतं पांढरं. हातापायांना झटके, कोंबडीची मान कापल्यावर येतात तसे. ओठ निळे. तुळजाबाई फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरून हलवत होती. "दातखीळ बसली! कायतरी घाल मधी, जीभ तुटंल!" चमचा कुठं होता, उलथनं कुठं होतं, त्या घरातल्या फडताळांत काय असतं हे प्रमिलाला दीड आठवड्यात कळलंच नव्हतं. हातात पुस्तक होतं. तिनं डाव्या हातानं चिमाचा जबडा धरला, गालात अंगठा रुतवून, आणि उजव्या हातानं पुस्तकाचा कोपरा दातांत कोंबला. ओठ फाटला. ते तिनं पाहिलं, आणि तरी कोंबला. दात चामड्यात बसले. इवलंसं तोंड, पण उंदराच्या सापळ्यासारखं मिटलं.

"डॉक्टर," ती म्हणाली. "आत्याबाई, दवाखाना..."

"डाक्टर काल पुण्याला गेला. कंपाउंडर हाय नुसता. आन् तितवर पोचस्तवर पोर ऱ्हायील का?" तुळजाबाई केव्हाच चुलीपाशी गेली होती. पोती शिवायचं दाभण निखाऱ्यांत खुपसलेलं होतं. म्हणजे हाक मारण्याआधीच खुपसलेलं होतं. "डाग दिल्याबिगर आकडी सुटायची न्हाई. धर तिला. हात धर. त्वांड तिच्यासमोर ठेव, हालू दिऊ नगं."

प्रमिलाला ठाऊक होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताप चढला आणि झटके आले तर घाबरू नका, कुशीवर वळवा, अंग ओल्या फडक्यानं पुसा, आपोआप थांबतं. तिला ते वाक्य स्वल्पविरामांसकट पाठ होतं. पाण्याचा हंडा हाताच्या अंतरावर होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा. आणि मग ती चिमाच्या डोक्याशी बसली, दोन्ही मनगटं एका मुठीत धरली, दुसऱ्या हातानं पुस्तक दातांत दाबून ठेवलं आणि आपलं तोंड पोरीच्या तोंडावर आणलं. का, याचं उत्तर तिला ओटीवर बसूनही सापडत नव्हतं. काहीतरी करायला हवं होतं आणि करणारं माणूस समोर होतं. ओलं फडकं म्हणजे काहीच न करणं होतं. दाभण आलं तेव्हा त्याचं टोक लाल नव्हतं, पांढरट होतं. तुळजाबाईनं झबलं वर सारलं आणि बेंबीच्या शेजारी ते टेकवलं. चर्र झालं. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा एवढंच. कातडी आक्रसून वर आली, फाटली. दुसऱ्या बाजूला पुन्हा टेकवलं. आणि त्या दुसऱ्याला चिमाचे डोळे खाली आले. पांढऱ्यातून काळं खाली उतरलं, भिरभिरलं आणि समोर जे होतं त्यावर स्थिर झालं. समोर आईचं तोंड होतं. आपल्या तोंडात पुस्तक. मनगटांवर आईची मूठ. तिनं पुस्तक थुंकलं आणि ती किंचाळली.

"रडली! रडली गं माझी बाय!" तुळजाबाईनं दाभण फेकलं आणि चिमाला उचलून छातीशी घट्ट धरलं. म्हातारीच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. "सुटली आकडी! रड बाई, रड!" तिनं बोट साखरेत बुडवून चिमाच्या तोंडात घातलं, चिमा ते चोखत, हुंदके देत, आजीच्या मानेत शिरली. प्रमिला तशीच गुडघ्यांवर बसून होती, मुठीत कुणाचीच मनगटं नसताना मूठ आवळून. डागानं सुटली, की सुटायचीच होती म्हणून सुटली? हे आता कधीच कळणार नव्हतं.

प्रमिलाच्या स्वतःच्या पोटावरही बेंबीशेजारी एक चकाकती खूण होती. जन्मखूण आहे, असं तिची आई सांगायची. शाळेत शिकवणारी, इस्त्रीचं पातळ नेसणारी, पुण्यात राहणारी आई. बाळंतपणात तेल लावताना तुळजाबाईनं त्या खुणेवर बोट ठेवलं होतं आणि ती खदखदून हसली होती. "जलमखूण कसली! डाग हाय की ह्यो. तुझ्या मास्तरीण आयनं बी दिलावता की गं!" प्रमिलाला ते खोटं वाटलं होतं. आता तिनं ओटीवर बसल्या बसल्या पदराखाली हात घालून ती खूण चाचपली. कुणी धरलं असेल आपल्याला? आईनंच? तिच्या मुठीचा आकार आपल्या मनगटाला आठवतो का? लहानपणापासून आईनं जवळ घेतलं की आपण अंग चोरायचो. आई म्हणायची, माणूसघाणी आहे कार्टी. तिला वाटलं, उठावं, निळा मोठा कोश घ्यावा, आत जावं आणि तुळजाबाईच्या डोक्यात घालावा. मग आईच्या. मग शिल्लक राहिलेल्या तिसऱ्या, आपल्याच डोक्यात.

एसटीचा भोंगा वाजला. गाडी नेहमीसारखी वडाखाली थांबली आणि गनी पिशवी सावरत वर आला. पौडच्या बाजारातल्या दुकानदाराचा मुलगा. मारुतरावांच्या बरोबर शाळेत होता, म्हणून तो हौसेनं ही ने-आण करायचा. "काय वैनी, झाली का पसंती? पोरगी बघायला गेल्यागत चार दिस चाललंय तुमचं!" मग त्यानं तिचा गुडघा पाहिला, तोंड पाहिलं, आतून येणारा हुंदका ऐकला. "काय झालं?"

"आकडी आली चिमाला," प्रमिला म्हणाली. "डाग दिले." दिले, असंच तोंडातून निघालं. कुणी, ते निघालं नाही.

गनीनं टोपी काढून घाम पुसला. "यष्टीत घाला तिला. पौडाला डाक्टर हाय, चांगला हाय. मी गाडी त्याच्या दाराशी उभी करतो, डेपोमास्तर बोंबलू दे का कायबी करू दे. चला, उठा."

ती उठली. ही गोष्ट तरी तिला करता येणार होती. आत जाऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. "द्या आत्याबाई. चल चिमू, भुर्र जाऊ." चिमानं मान वळवली. आईला पाहिलं. आणि तिचं अंग ताठ झालं, पाठीची कमान झाली, घशातून तोच दोरी खेचल्यासारखा आवाज आला. तिनं आजीचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं आणि तोंड लपवलं. प्रमिला आणखी एक पाऊल पुढं गेली तशी चिमा आजीच्या खांद्याला चावली.

"सर मागं," तुळजाबाई हळू आवाजात म्हणाली. त्या आवाजात विजय नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुलाच बघितलं तिनं तवा. मी खाली वाकलेवते. तू येऊ नगं जवळ. पुन्यांदा आकडी यायची." मग पोरीला थोपटत, जणू गाईला सांगावं तसं ती म्हणाली, "लागली गं सवय. आता तू जा बिनघोर, कुटं जायचं ती."

तुळजाबाई चिमाला घेऊन पुढं निघाली, गनी तिच्या बरोबर. अर्ध्या वाटेवरून तो परत फिरला. "वैनी, पुस्तक?" प्रमिलानं निळा कोश कागदात गुंडाळला. आत कुठल्या पानावर तो शब्द होता हे तिच्या बोटाला अजून माहीत होतं. तिनं ते पान उघडलं नाही. दोरा बांधला, गाठ मारली आणि पुडकं त्याच्या हातात दिलं.

"म्हंजे बारकं ठेवलं. प्रवासाचं." गनी अडखळला. "म्हंजे... जायचं हाय तर?"

"जायचंय," ती म्हणाली.

ती मागच्या दारानं गाडीत चढली. चिमा पुढच्या बाकावर, आजीच्या खांद्यावर मान टाकून, तोंड मागं करून बसली होती. प्रमिला अगदी शेवटच्या बाकावर, दोन बोचक्यांच्या आड बसली आणि तिनं पदर कपाळावरून, डोळ्यांवरून, हनुवटीपर्यंत खाली ओढला. गाडी हलली. धरणाच्या काठाकाठानं ती खडखडत चालली. भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेली बुडालेल्या घरांची जोती, पुन्हा गाळ. मांडीवर लहान कोश होता आणि तिचा अंगठा त्या दातांच्या खाचांत जाऊन बसला होता. प्रत्येक खड्ड्याला तो तिथंच आपटत होता. पदराच्या विणीतून तिला चिमा दिसत होती. फाटलेला ओठ सुजून वर आला होता. चिमाची नजर एकेका माणसावरून फिरत मागं मागं आली, बोचक्यांवर थांबली, आणि मग या तोंड झाकून बसलेल्या बाईवर. चिमानं मान कलती केली. मान परत सरळ केली. बाई हलेना, तसा तिला तो खेळ वाटला असावा. तिनं आजीच्या खांद्याआड तोंड लपवलं, पुन्हा वर काढलं आणि सुजलेल्या ओठांनी हसली. मग हात हलवला, रस्त्यातल्या परक्या बायांना हलवते तसा.

प्रमिलाचा हात पदराशी गेला. पदर तिनं दोन बोटांत धरला, आणि आणखी खाली ओढला.